गावखर्चातला सव्वा रुपया

मावळातल्या एका पाटील घराण्याच्या कागदांचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, काही वर्षांपूर्वी आमच्या पुण्यातल्या मोडी वाचनवर्गात आला. घराण्याची एक पाती आता कोथरूडला राहते, थोरली पाती गावात. कोथरूडच्या पुतण्याने तो रुमाल कपाटावरून काढला तो जमिनीच्या वादात काही पुरावा सापडतो का हे पाहायला. जमिनीचं काही निघालं नाही. निघाला तो यात्रेच्या खर्चाचा एक कागद, आणि त्या कागदापायी गावात जे घडलं ते इथे सविस्तर मांडते आहे. परक्या राजवटीत बुडालेली परंपरा परत आणायची म्हणजे काय काय करावं लागतं, हे मला या प्रकरणात जेवढं स्पष्ट दिसलं तेवढं कुठल्या व्याख्यानात दिसलं नव्हतं.

आधी कागद. जाड, हाताने केलेला, डाव्या बाजूला वाळवीने खाल्लेला. मोडीत आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेत आणि मग त्या रेघेला अक्षरं लटकवत जात. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. बोरू शक्यतो उचलायचाच नाही. त्यामुळे नवशिक्याला पहिली ओळ म्हणजे एकसंध गुंता वाटतो. अशा वेळी आम्ही मजकुरामागे न लागता कालगणनेवर बोट ठेवतो. इथे ओळ होती ‘सन इहिदे सबैन मया व अलफ’. इहिदे म्हणजे एक, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे सुहूर सन ११७१; मराठी दप्तरात चालणारी ही जुनी कालगणना. सुहूर वर्ष मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीला बदलतं. त्या आधीच्या महिन्यांसाठी ६०० मिळवायचे. यात्रा चैत्रातली, तेव्हा साल १७७१. थोरल्या माधवरावांची कारकीर्द.

सालाच्या पुढे ‘मौ।’ म्हणजे मौजे आणि गावाचं नाव, मग मथळा: गावखर्च. खाली बितपशील, म्हणजे बाबवार यादी. चैत्री यात्रेच्या सदरात चार-पाच रकमा. ‘१। तेल दीपमाळेस’, म्हणजे सव्वा रुपया. ‘॥। गूळ खोबरे’, म्हणजे पाऊण. ‘२ गोंधळी यास पागोटे’. मग वाजंत्र्यांची रक्कम, तिथे कागद फाटलेला. आणि शेवटी रक्कम न लिहिता एक ओळ: महारांनी लाकडं आणायची, रात्री पहारा करायचा, त्याबद्दल शिधा.

वर्गात त्या दिवशी पुतण्या आणि त्याचे थोरले चुलते दोघंही बसले होते. चुलत्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. दीपमाळेचं तेल वाचून झाल्यावर आप्पा म्हणाले, ‘ताई, आमच्या दीपमाळेवर दिवा लागलेला मी जन्मात बघितला नाही. तिला आम्ही फ्लेक्सच्या दोऱ्या बांधतो.’ गोंधळाचंही तेच. भैरवनाथाच्या शेजारी जोगेश्वरी आहे, तिच्यापुढे गोंधळ होत असे हे गावात कोणाच्या ऐकिवातही नव्हतं. यात्रेला आता डीजे येतो, आदल्या रात्री ऑर्केस्ट्रा असतो.

मग हे बुडालं कसं? गावातल्या तरुणांचं पहिलं उत्तर तयार होतं: इंग्रजांनी बंदी घातली असणार. इंग्रजांनी बंद्या घातल्या हे खरंच आहे. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर १९१० साली बंदी आली, आणि ती आली म्हणूनच ते नाटक आजवर लोकांच्या लक्षात राहिलं. मावळातल्या एका देवळातल्या दीपमाळेवर मात्र कोणी हुकूम काढला नव्हता. तसली गरजच पडली नाही.

पेशवाईत गावचा वसूल सरकारात भरण्याआधी त्यातून काही खर्च गावाला मंजूर असे. चावडी, देऊळ, यात्रा, आल्यागेल्या फकीर-गोसाव्याचा शिधा, वाजंत्री, असा हा गावखर्च. त्यात पाटील-कुलकर्णी हात मारत नसत असं नाही. तशा तक्रारींचे कागद भरपूर आहेत. पण यात्रेचं तेल ही गावाच्या हिशेबातली रीतसर बाब होती, कोणाची मेहरबानी नव्हती. १८१८ साली पेशवाई बुडाली. कंपनीचा अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ च्या आपल्या अहवालात जिंकलेल्या मुलखाची व्यवस्था तपशिलात लिहिली, आणि जुनी घडी एकदम विस्कटू नये असा त्याचा रोख होता. पण महसुलाचं गणित निराळंच चाललं. कंपनी सरकारने गावखर्च छाटत आणला. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची जमीन-पाहणी पुणे जिल्ह्यात १८२८ च्या सुमाराला झाली. तिचा आकार, म्हणजे सारा, इतका जबर बसला की शेतं पडीक टाकून कुणबी परागंदा झाले. पुढे १८३६ पासून इंदापुरातून विंगेट आणि गोल्डस्मिड यांची पाहणी सुरू झाली. तीस वर्षांचा ठराव, आणि प्रत्येक खातेदाराने आपापला सारा थेट सरकारात भरायचा. त्यात गाव नावाचा खातेदारच उरला नाही. मग दीपमाळेच्या तेलाचा सव्वा रुपया कोणत्या सदरात लिहायचा? पहिली काही वर्षं पाटलाने पदरचा घातला असेल, पुढे वर्गणी झाली असेल, मग दुष्काळ आले. तेल थांबलं, गोंधळ्याचं पागोटं थांबलं, गोंधळी दुसरीकडे गेला. दोन पिढ्यांत आठवणही गेली.

मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. परंपरेचा खर्च काढून घेतला आणि ती चालवणाऱ्याचं काम काढून घेतलं की बंदीवाचूनही ती मरते. वाईट म्हणजे तिच्या मरणाची तारीखही मागे राहत नाही, म्हणून तिच्याबद्दल कोणी भांडतही नाही.

खुद्द मोडीचं असंच झालं. छपाईला मोडी जड जाते असं म्हणतात, पण श्रीरामपूरला विल्यम केरीने १८१० साली आपला मराठी कोश मोडी खिळ्यांतच छापला होता. तरी पुढे शाळेची पुस्तकं, मोल्सवर्थचा १८३१ चा कोश, १८३२ चं ‘दर्पण’ ही सगळी बाळबोधात, म्हणजे देवनागरीत, निघाली. मोडी हस्ताक्षरात राहिली: कुलकर्ण्याच्या दप्तरात, सावकाराच्या वहीत, घरच्या पत्रात. पण हे सगळं परक्या सत्तेच्या माथी मारून भागत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी शाळांत मोडी शिकवत होते. आजही नव्वदीतले लोक भेटतात ज्यांनी ती शाळेत गिरवली. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतनं गेली, तलाठी आले, दप्तर बाळबोधात आलं, आणि मोडीचं उरलंसुरलं काम स्वराज्यात संपलं. शेवटचा घाव आपल्याच हातचा. वतनं जायलाच हवी होती. पण जी लिपी शेकडो वर्षांच्या जमाखर्चाची किल्ली आहे ती प्रत्येक तालुक्यात दोन-चार माणसांना तरी येत राहावी एवढी तजवीज कोणी केली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुण्यात मोडी अगदीच मेली नाही याला कारण दोन ठिकाणं. पहिलं, पेशवे दफ्तर. कौन्सिल हॉलच्या शेजारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली ती दगडी इमारत, आजचं पुणे पुरालेखागार. कंपनीने पेशव्यांचे कागद ताब्यात घेतले ते इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. कोणाचं इनाम खरं, कोणाचं खोटं हे ठरवायला ते लागत होते. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला धार आली आणि हजारो इनामांची छाननी झाली, कित्येक जप्त झाली. परिणाम असा की घराघरांत जुना कागद बाहेर काढायची धास्ती बसली. कागद दाखवला की जमीन जाते, ही भीती नातवंडांपर्यंत उतरली. रुमाल माळ्यावर गेले, काही भिंतीत चिणले गेले, काही नदीत सोडले गेले. आणि सरकारच्या ताब्यातलं दफ्तर देशी अभ्यासकांना दशकानुदशकं सहज खुलं नव्हतं.

दुसरं ठिकाण सदाशिव पेठेत. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, पानिपतच्या सुमाराच्या पत्रांचा, आणि ती पत्रं खाजगी घरांतून मिळवलेली होती. दफ्तराचं दार बंद असताना हा माणूस दारोदार फिरला, धास्तावलेल्या लोकांकडून कागद काढवून घेतले, नकलून छापले. ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापलं. पेशवे दफ्तरातले निवडक कागद गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली ४५ खंडांत १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. पुण्यात मोडी वाचणाऱ्यांची साखळी या कामांमुळे तुटली नाही. आज मंडळात वर्ग होतात, पुराभिलेख खात्याचे होतात, आमच्यासारखे छोटे गटही चालतात.

आता परत मावळाकडे.

कागद वाचून झाला तेव्हा पुतण्याच्या डोक्यात आलं ते असं: कागदाचा फोटो काढायचा, फ्रेम करायची, देवळात लावायची, आणि खाली मोडीत गावाचं नाव. मला ही हौस समजते. घरावर मोडी पाट्या, मोडीतली लग्नपत्रिका, छातीवर मोडी अक्षरं, हे पुण्यात बरंच दिसतं. २०१४ साली युनिकोडमध्ये मोडीचा समावेश झाल्यापासून ते सोपंही झालं. पण पाटी वाचता न येणाऱ्याने पाटी न वाचता येणाऱ्यासाठी लावायची, याला मी मोडीचं पुनरुज्जीवन म्हणणार नाही. मी त्याला म्हटलं, फ्रेम नंतर. आधी कागदात जे लिहिलंय त्याचं काय करायचं ते गाव ठरवू दे.

आप्पांनी ते मनावर घेतलं. देवस्थानच्या बैठकीत कागदाचं बाळबोध लिप्यंतर वाचलं गेलं, सगळंच्या सगळं. इथे पहिली खरी अडचण आली. दीपमाळ आणि गोंधळ यांवर सगळे खूश. शेवटच्या ओळीवर शांतता. काही जण म्हणाले, तेवढी ओळ सोडून देऊ, कशाला उगाच. काही जण उलट म्हणाले की तो महारांचा मान होता, तोही परत देऊ. गावातल्या बौद्ध वस्तीतला एक तरुण चिंचवडला कंपनीत आहे, तो बैठकीला होता. त्याने सांगितलं, ‘आप्पा, ओळ सोडू नका, ती तशीच वाचा. पण लाकडं आणायची आणि रात्रभर उभं राहायचं, याला आमच्या घरात कोणी मान म्हणत नव्हतं.’

मला त्याचं म्हणणं शंभर टक्के पटतं. पुण्याच्या आसपास जुलमी राज्य कोणाचं, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आप्पांच्या घराण्याला १८१८ नंतरचा काळ जुलमाचा वाटतो. त्या वस्तीतल्या लोकांना त्या आधीचा काळ सुखाचा होता असं कोणी सांगू नये. महार वतन म्हणजे गावाची आणि सरकारची रात्रंदिवसाची चाकरी, आणि मोबदला नाममात्र. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आणलं ते याच कारणासाठी. खालच्या दर्जाची गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. ज्याला जुनं ते परत आणायचं आहे त्याने हेही कागदात वाचलं पाहिजे, आणि वाचून मग ठरवलं पाहिजे की काय परत आणायचं नाही.

त्याच रुमालात एक कर्जरोखाही होता, त्याने आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. रोख्याखाली पाटलाची सही म्हणून नांगराची निशाणी आहे. म्हणजे गावच्या पाटलालाही आपल्या नावावरचा रोखा वाचता येत नव्हता. लिहिणारा कुलकर्णी, वाचणारा सावकार. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांचे रोखे आणि वह्या जाळल्या, आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरलं. जळाले ते मोडीतलेच कागद. ज्यांनी जाळले त्यांना त्या लिपीचा पुळका असायचं काही कारण नव्हतं. म्हणून मी वर्गात नेहमी सांगते की मोडी पूर्वी मूठभरांकडे होती तशी पुन्हा मूठभरांकडे ठेवायची असेल तर ती शिकण्यात अर्थ नाही. आमच्या गटात आता त्या चिंचवडच्या तरुणाची बहीण येते. बँकेत काम करते, आकडे तिला आमच्यापेक्षा लवकर लागतात. पाऊण आणि सव्वाच्या उभ्या रेघा ती न अडखळता वाचते.

बैठकीत शेवटी ठरलं ते असं. शेवटची ओळ लिप्यंतरात जशीच्या तशी राहील. रात्रीचं राखणीचं आणि लाकूडफाट्याचं काम सगळ्या आळ्या पाळीपाळीने करतील, जातीवर काहीही लावायचं नाही. दीपमाळेच्या दोऱ्या सोडायच्या, पणत्यांच्या जागा साफ करायच्या. गोंधळ लावायचा.

गोंधळी शोधणं सोपं गेलं नाही. पुण्यात गोंधळी आहेत, पण लग्नानंतरचा तासाभराचा गोंधळ करून करून बहुतेकांचा विस्तार आटला आहे. लोकांना तेवढाच हवा असतो आणि तेवढ्याचेच पैसे मिळतात. यात त्यांचा दोष काय? शेवटी हडपसरकडचं एक घर मिळालं. म्हातारे गोंधळी म्हणाले, चौक मांडून, गण म्हणून, ठिकठिकाणच्या देवांना आवतण देऊन, मग आख्यान आणि आरती असं रीतसर करायचं तर रात्र लागते, आणि माझ्या पोराला आख्यानं दोनच येतात. गावाने रात्र दिली. संबळ, तुणतुणं, दिवटी. आवतणात ते एकेका स्थानाचं नाव घेत ‘गोंधळा ये’ म्हणत गेले आणि तुळजापूर, माहूर अशी दूरची नावं संपल्यावर आसपासच्या वाड्यावस्त्यांचे देव घ्यायला लागले, तेव्हा बायका आपापल्या माहेरच्या देवांची नावं सुचवायला लागल्या. म्हाताऱ्यांनी ती सगळी घेतली. त्यात बराच वेळ गेला आणि कोणी उठलं नाही. हे १७७१ साली असंच होत होतं का, हे कागद सांगत नाही. कागदात फक्त पागोट्याचे दोन रुपये आहेत. बाकी सगळं त्या गोंधळी घराण्याने सांभाळलेलं होतं, आणि ते सांभाळताना त्यांना ना गावखर्च मिळत होता ना इनाम.

पहिल्या वर्षी सगळा खर्च कोथरूडच्या पुतण्याने केला. दुसऱ्या वर्षी एका स्थानिक पुढाऱ्याने तो उचलायची तयारी दाखवली, देवळासमोर स्वतःचा फलक लावायच्या बोलीवर. इथे आप्पा अडून बसले, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला निर्णायक क्षण तो आहे. त्यांचं म्हणणं सरळ होतं: तेल एका माणसाच्या खिशातून आलं तर त्याचा खिसा फाटल्यावर थांबणार, पूर्वी ते गावाच्या हिशेबात होतं म्हणून चाललं. देवस्थानच्या जमाखर्चात त्यांनी कायमचं सदर उघडायला लावलं: ‘दीपमाळ तेल व गोंधळ’. दर घरामागे ठरावीक वर्गणी, पावती, आणि यात्रेनंतर हिशेबाचं जाहीर वाचन. गोंधळी घराण्याला पुढच्या वर्षाचा विसार यात्रेच्याच दिवशी द्यायचा, असाही ठराव झाला. त्यामुळे म्हाताऱ्यांच्या मुलाला आख्यान शिकायला कारण मिळालं. तो तिसरं बसवतो आहे. डीजे बंद झाला नाही. तो दुसऱ्या दिवशी असतो. मला तो आवडत नाही, पण तरुण पोरांना हवा आहे, आणि ती पोरंच पाळीने रात्र जागवतात.

मोडीच्या बाबतीतही काम हाच मुद्दा २०२३ नंतर लख्ख दिसला. मराठा-कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत जुने जन्ममृत्यूचे रजिस्टर, कोतवाल बुकं, शाळांचे दाखले उघडले गेले. त्यातलं बरंच मोडीत. वाचणारे पुरेनात. ज्या वर्गांत पाच-सहा निवृत्त मंडळी बसायची तिथे विद्यार्थी, वकिलांचे कारकून, तलाठ्यांची मुलं येऊ लागली. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचं मत काहीही असो, लिपीला काम मिळालं की माणसं मिळतात हे सगळ्यांनी पाहिलं. त्याच्या बरोबरीने धोकाही आला. एका अक्षराच्या वाचनावर घराचं भवितव्य टांगलेलं असताना गिऱ्हाइकाला हवं ते वाचून देणारेही निघतात. म्हणून आमच्याकडे कोणताही कागद एकट्याने वाचून सही करायची नाही; दोघांनी स्वतंत्र वाचायचा, फरक पडला तर तिसऱ्याने. न लागलेला शब्द न लागलेला म्हणूनच लिहायचा. वाजंत्र्यांची रक्कम फाटली आहे, ती आम्ही कोरीच ठेवली आहे. गावातल्या कोणीतरी अंदाजाने रुपया घालायला सुचवलं होतं; घातला नाही.

रुमालातले बाकीचे कागद अजून संपलेले नाहीत. वाळवी लागलेले कागद आधी सुटे करून, झटकून, स्कॅन करायचे आणि नवीन सुती रुमालात बांधायचे हे काम चालू आहे. प्लास्टिकच्या पिशवीत ते पुन्हा जाऊ नयेत एवढं आप्पांना बजावलं आहे. शिवेच्या भांडणाचा एक महजर, म्हणजे साक्षी घेऊन केलेला निवाडा, अर्धा वाचून झालाय. त्यात शेजारच्या गावाच्या पाटलाची साक्ष आहे, आणि तिची दुसरी प्रत त्यांच्याकडे असणार. त्या घरात निरोप धाडला तेव्हा पहिलं उत्तर आलं की आमच्याकडे कागदबिगद काही नाही. आप्पांनी स्वतः जाऊन चहा घेतला, गोंधळाच्या कागदाची प्रत दाखवली, जमिनीचं काही विचारणार नाही असा शब्द दिला. पेटी माळ्यावर आहे म्हणतात. दिवाळीनंतर उघडायची ठरली आहे.